ताप नव्हे, उष्माघात

उन्हाळ्यात आमच्या वॉर्डात उष्माघाताचे रुग्ण येतात. घरच्यांनी बऱ्याचदा आधी तापाची गोळी दिलेली असते. ती लागू पडत नाही. तापात मेंदूच शरीराचे तापमान वर नेऊन ठेवतो. गोळी ते खाली आणते. उष्माघातात उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्थाच कोलमडते. तेव्हा शरीर तातडीने थंड करणे, हाच मुख्य उपचार.

हा फरक गेल्या मे महिन्यात घरीच उपयोगी पडला. नवे परवडत नाही म्हणून मुलाने व्हिडिओ एडिटिंगसाठी जुने ग्राफिक्स कार्ड घेतले. अर्ध्या तासात पंखे किंचाळू लागले, चित्र अडखळू लागले. तापमान ९१ अंश! "आई, कार्ड गेलं. पैसे बुडाले," तो रडवेला झाला. मी म्हटलं, "आधी तपासू तरी."

पूर्ण क्षमतेने काम करताना बहुतेक कार्डांची चिप ६५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्यामुळे ७५ आकडा पाहून घाबरू नये. मर्यादा ओलांडली, की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. चित्र अडखळते ते त्यामुळेच. खोली दहा अंशांनी तापली, तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापते, हेही लक्षात ठेवावे.

चिपची उष्णता थर्मल पेस्टमधून हीटसिंकच्या पात्यांत जाते. पंखे ती कॅबिनेटमध्ये ढकलतात आणि तिथून ती खोलीत जाते. वाट कुठे अडली, एवढेच शोधायचे. आम्ही आधी कॅबिनेटचे झाकण काढून पाहिले. तापमान तीनच अंश उतरले. म्हणजे अडथळा आत होता. मग वीज बंद करून, प्लग काढून, कार्ड गॅलरीत नेले. मास्क लावून ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढली. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो भरधाव फिरला तर खराब होऊ शकतो. धुळीने दम्याचा त्रास वाढतो, म्हणून मास्क हवाच.

तरीही तापमान ८६ राहिले. शेवटी दुरुस्तीवाल्याकडे कार्ड उघडले. पेस्ट खडूसारखी वाळली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसून त्याने नवी लावली. थर्मल पॅड बदलताना जाडी तीच हवी, नाहीतर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. सवय नसेल तर हे काम स्वतः करू नये.

आता तेच काम करताना कार्ड ७४ अंशांवर असते. खर्च नव्या कार्डाच्या तुलनेत किरकोळच.

जुने कार्ड घेणार असाल, तर विक्रेत्यासमोर अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान पाहा. आणि तापले म्हणून लगेच टाकून देऊ नका. तापमान हे लक्षण आहे; आजार कुठे आहे, ते आधी शोधा.