मासोळ्यांची गळती टांकी आणि तिची घरगुती दुरुस्ती

घरांतला पोपट उपाशी राहिला तर ओरडून घर डोक्यावर घेतो. मांजर दुखणाईत झालें तर कोपरा धरून बसतें. कांचेच्या टांकींतला मासा मात्र कांहींच बोलत नाहीं. त्याच्या संसारावर संकट आलें आहे हें माणसांना कळतें, तें बहुधा टेबलाखालची सतरंजी पायाला ओली लागल्यावर. मग धांवपळ सुरू होते. कोणी टांकी माळ्यावर टाकून देतो, कोणी नवी विकत आणतो, आणि कोणी मासे पिशवींत भरून नदीचा घाट गांठतो. वास्तविक लहान टांकीची गळती ही घरच्या घरीं बंद करतां येण्यासारखी गोष्ट आहे. अट एवढीच, कीं ती कां लागली हें आधीं समजून घ्यावें आणि कामांत उतावीळ करूं नये.

नांदेड आणि लातूर या शहरांत हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. नांदेड गोदेच्या कांठीं वसलेलें, विष्णुपुरीचा जलाशय त्याच्या उशाशीं. लातूरचें भाग्य तसें नाहीं. मांजरा धरण आटलें तेव्हां, एप्रिल २०१६ मध्यें, या शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीनें सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवरून ५ लाख लिटर पाणी आणलें. अशा गांवांत टांकीच्या सांध्यांतून दर सेकंदाला एक थेंब गळूं लागला, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाकांठीं ४ लिटरांहून अधिक पाणी जमिनींत मुरतें. एका माणसाच्या दिवसभराच्या पिण्याला तेवढें पुरतें.

कांचेंत मासे ठेवून पाहण्याची आजची पद्धत फार जुनी नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि फिलिप हेन्री गॉस या निसर्गपंडिताच्या लिखाणानें ही आवड घरोघर पोंचली. मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. त्या काळच्या घरगुती टांक्यांना लोखंडी चौकट असे, आणि कांचा लांबीनें बसविलेल्या असत. लांबी वाळली, कीं तिला भेगा पडत. पुढें सिलिकॉन आलें आणि चौकटीची गरज सरली. आजच्या टांकींत पांच कांचा केवळ सिलिकॉनच्या सांध्यांनीं एकमेकींना धरून असतात. कांच न तडकतां टांकी गळते, तेव्हां दोष या सांध्याचा असतो.

सांध्यावर भार केवढा येतो, हें आंकड्यांनीं पाहावें. टांकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच असली तर तींत ५४ लिटर पाणी मावतें. म्हणजे पाण्याचेंच वजन ५४ किलो. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पृष्ठभागीं तो शून्य, तर ३० सेंटिमीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम. सरासरी १५ ग्रॅम. समोरच्या कांचेचें क्षेत्रफळ १८०० चौरस सेंटिमीटर, म्हणून त्या एका कांचेला पाणी एकंदर २७ किलोच्या जोरानें बाहेर ढकलीत असतें. उंची दुप्पट केली तर हा जोर दुप्पट न होतां चौपट, म्हणजे १०८ किलो होतो. कारण क्षेत्रफळही दुप्पट आणि सरासरी दाबही दुप्पट. यावरून दोन गोष्टी ठरतात. खालच्या सांध्यांना सर्वांत अधिक जपावें. आणि फार उंच टांकीच्या दुरुस्तीस घरीं हात न घालतां ती जाणत्या कारागिराकडे सोंपवावी.

गळती आहे असें ठरविण्यापूर्वीं ती खरोखर गळतीच आहे कीं नाहीं, हें तपासावें. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यांत उघड्या टांकींतील पाणी वाफेनेंच खालीं जातें. यासाठीं टांकीशेजारीं एक पसरट भांडें पाण्यानें भरून ठेवावें आणि दोन्हींवर पातळीची खूण करावी. एका दिवसानें दोन्हींकडे पाणी सारखेंच उतरलें तर दोष हवेचा. टांकींतलें अधिक उतरलें तर दोष सांध्याचा.

गळतीची जागा शोधतांना डोळा फसतो. पाणी वरच्या छिद्रांतून निघून सांध्याच्या कडेनें घसरतें आणि भलत्याच कोपऱ्यांत टपकतें. बाहेरची बाजू कोरडी पुसून सांध्यांवर वर्तमानपत्राचे तुकडे दाबून पाहावे. सर्वांत वर जो तुकडा भिजेल तेथें दोष. दुसरी खूण पाण्याचीच. पाणी उतरत उतरत एका उंचीवर थांबलें, तर छिद्र त्याच उंचीला आहे. तें तळापर्यंत गेलें तर दोष तळाच्या सांध्याचा.

यानंतर पहिला विचार माशांचा. प्रथम हीटर व पंप यांचीं बटणें बंद करून तारा भिंतींतून काढाव्या. ओल्या हातानें विजेशीं खेळूं नये. चालू हीटर पाण्याबाहेर राहिला तर त्याची कांच फुटते, हेंही ध्यानांत असावें. मासे साबण न लागलेल्या मोठ्या टबांत टांकींतल्याच पाण्यासह ठेवावे, हवेचा पंप तेथें पुन्हां लावावा आणि वर जाळी घालावी. फिल्टरांतला स्पंज नळाखालीं धुऊं नये व वाळूं देऊं नये. तोही याच टबांत बुडवून ठेवावा. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया विषारी असतो. स्पंजावर वाढलेले सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइटांत आणि पुढें सौम्य अशा नायट्रेटांत रूपांतर करितात. हे जंतु मेले तर टांकी दुरुस्त होईल, पण मासे दगावतील. उरलेलें पाणी कुंड्यांना घालावें. त्यांतील नायट्रेट हें झाडांचें खतच आहे.

टांकी संपूर्ण रिकामी केल्याखेरीज उचलूं नये. चतुर्थांश पाणी असतांना उचललेली टांकी किंचित् पिळवटते आणि चांगले सांधेही सुटतात. रेती, दगड काढून ती दोघांनीं तळाशीं धरून जाड कापडावर ठेवावी.

आतां मुख्य काम. टांकीच्या सांध्यांत सिलिकॉन दोन ठिकाणीं असतें : एक कांचेच्या कडांमध्यें, जें टांकी जोडून धरतें, दुसरें आंतल्या कोपऱ्यांतून फिरविलेली पट्टी, जी पाणी अडविते. बहुतेक घरगुती दुरुस्ती या आंतल्या पट्टीची असते. येथें एक नियम अगदीं कटाक्षानें पाळावा : नवें सिलिकॉन जुन्यावर नीट चिकटत नाहीं. म्हणून गळक्या जागेवर ठिगळ लावणें व्यर्थ होय. आंतली सगळी पट्टी ब्लेडनें खरवडून काढावी. मात्र ब्लेड कडांमधल्या सिलिकॉनमध्यें शिरूं देऊं नये. हातांत जाड मोजे असावे. नंतर स्पिरिटानें किंवा ॲसिटोननें कांच पुसावी, खिडक्या उघड्या ठेवाव्या व जवळपास विस्तव असूं नये. साबण वापरूं नये, आणि पुसलेल्या जागेला बोट लावूं नये; बोटाचा तेलकटपणाही सांधा धरूं देत नाहीं.

सिलिकॉनची नळी नांदेडच्या वजिराबादेंत वा लातूरच्या गंजगोलाईच्या परिसरांत मिळण्यास अडचण पडूं नये. पण नळीवरील मजकूर वाचून घ्यावी. न्हाणीघरासाठीं विकतात त्या सिलिकॉनमध्यें बुरशी मारणारें औषध असतें, आणि तें माशांना घातक ठरतें. मत्स्यटांकीसाठीं असलेलें, बुरशीनाशक नसलेलें सिलिकॉनच घ्यावें.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंस साधारण ७ मिलिमीटर जागा सोडून कागदी चिकटपट्टी लावावी. मग नळी हळूहळू दाबीत, मध्यें न थांबतां, कोपऱ्यांत सिलिकॉनची सलग रेघ ओढावी आणि मोजा घातलेल्या ओल्या बोटानें एकाच ओढींत ती बसवावी. पृष्ठभागावर साय धरण्यापूर्वींच चिकटपट्टी उपसून काढावी. उशीर झाला तर तिच्याबरोबर सिलिकॉनही ओढलें जातें.

पुढचें काम धीराचें. या सिलिकॉनला शिरक्यासारखा आंबूस वास येतो, कारण तें घट्ट होतांना ॲसेटिक आम्ल बाहेर टाकतें. उन्हांत किंवा पंख्याखालीं ठेवलें म्हणजे तें लवकर वाळेल, ही समजूत चुकीची आहे. सिलिकॉन वाळत नसतें. हवेंतील ओलावा शोषून तें घट्ट होतें. म्हणून चैत्र-वैशाखांतल्या कोरड्या हवेंत त्याला पावसाळ्याहून अधिक वेळ लागतो. खोलींत पाण्याचें पसरट भांडें किंवा ओलें फडकें टांगून ठेवावें. निदान तीन दिवस टांकीला हात लावूं नये, आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत तींत मासे सोडूं नयेत.

परीक्षाही पायरीपायरीनें घ्यावी. सपाट जागीं, खालीं कोरडें वर्तमानपत्र पसरून, प्रथम एक तृतीयांश, कांहीं तासांनीं दोन तृतीयांश आणि शेवटीं पूर्ण पाणी भरावें. एक अहोरात्र कागद कोरडा राहिला तर दुरुस्ती साधली. हें पाणी सडासंमार्जनास वापरावें. माशांना नवें पाणी द्यावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालविण्यासाठीं तें एक दिवस उघड्या भांड्यांत ठेवावें किंवा सोडियम थायोसल्फेटाचे थेंब घालावे. बोअरचें पाणी जड असेल तर गप्पी, मॉली यांसारखे मासे तें सुखानें सोसतात.

कांचेलाच तडा गेला असेल तर गोष्ट वेगळी. तड्यांत सिलिकॉन भरल्यानें कांच जुळत नाहीं. पाण्याच्या दाबानें तडा पुढेंच सरकतो. ती कांच बदलावी हेंच खरें. तळाला तडा असेल तर दिरंगाई करूं नये. नवी कांच जुनीइतकीच जाड घ्यावी. दुरुस्त टांकीखालीं थर्मोकोलचा पत्रा अंथरावा; टेबलाच्या उंचसखलपणानें कांचेच्या एकाच बिंदूवर भार येतो, आणि पुष्कळ तड्यांचें मूळ तेथेंच असतें.

दुरुस्ती न साधली, तरी मासे गोदावरींत किंवा विहिरींत सोडणें ही भूतदया नव्हे. दुकानांतले बहुतेक शोभेचे मासे परदेशी जातीचे. त्यांतले नाजूक मासे थोड्या दिवसांत मरतात. कांचेवरचें शेवाळ खाणारा, कवचासारख्या अंगाचा मासा मात्र तग धरतो. तो भारतांतील अनेक जलाशयांत पसरला असून कोळ्यांचीं जाळीं फाडतो आणि देशी माशांच्या अन्नांत वाटेकरी होतो. अशा वेळीं मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी गृहस्थाला द्यावे. ज्याला आपण कांचेच्या चार भिंतींत आणून ठेवलें, त्याच्या भिंती शाबूत राखणें हें आपलें कर्तव्य आहे. आणि तें जमत नसेल तर त्याला दुसरें घर शोधून देणें, हेंही त्याच कर्तव्यांत मोडतें.