थट्टा कोणीं करावी ?

मराठींत ‘तोंडास काळें फासणें’ म्हणजे एखाद्याची चारचौघांत विटंबना करणें. ज्याच्या तोंडास काळें लागतें, विटंबनाहि त्याचीच होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत असा एक धंदा निघाला कीं, ज्यांत काळें एकाच्या तोंडास लागे आणि विटंबना दुसऱ्याची होई. गोरा नट बूच जाळून त्याची काजळी तोंडास लावी, ओठ रुंद रंगवी, ठिगळांचा कोट चढवी आणि रंगभूमीवर कृष्णवर्णीय गुलामाचें सोंग आणी. हें सोंग आळशी, भित्रें, खादाड आणि हाताचें चोरटें. आणि इतकें असूनहि सदा आनंदी! खेळ संपला म्हणजे नट तोंड धुऊन घरीं जाई. ज्याचें सोंग त्यानें आणिलें, त्या माणसास तशी सोय नव्हती.

टॉमस डार्टमथ राइस नांवाच्या नटानें १८३० च्या सुमारास ‘जिम क्रो’ नांवाचें असें एक पात्र नाचवून दाखविलें. तें इतकें लोकप्रिय झालें कीं, पुढें दक्षिणेकडील संस्थानांत काळ्या-गोऱ्यांस वेगळें ठेवणारे जे कायदे झाले, त्यांस लोक ह्या विदूषकाच्याच नांवानें ओळखूं लागले. १८४३ सालीं न्यूयॉर्कांत चार नटांनीं ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ ही मंडळी काढली आणि ‘मिन्स्ट्रेल’ हा नाटकाचा एक प्रकारच होऊन बसला. उत्तरेकडील शहरांतल्या पुष्कळ प्रेक्षकांचा कृष्णवर्णीय माणसाशीं कधीं संबंधहि आलेला नसे. त्यांस हें सोंग हीच त्याची ओळख. थट्टेंत अतिशयोक्ति असावयाचीच. परंतु अतिशयोक्ति कळण्यास मूळ वस्तु ठाऊक असावी लागते. येथें मूळ कोणी पाहिलेंच नव्हतें, आणि नक्कलच अस्सल म्हणून घरोघर पोंचली.

ह्या इतिहासाचा विचार करूं लागतांच प्रश्न उभा राहतो तो असा कीं, एखाद्या वंशाची वा वर्णाची थट्टा करण्याचा अधिकार कोणाचा ? ह्यावर दोन उत्तरें ठरलेलीं आहेत. एक पक्ष म्हणतो, विनोदाला सोंवळें-ओंवळें नसतें. ज्याला हंसवितां येईल त्यानें हंसवावें. दुसरा म्हणतो, ज्यानें त्यानें आपल्या घरची थट्टा करावी, दुसऱ्याच्या घरांत डोकावूं नये. दोन्ही उत्तरें देण्यास सोपीं आहेत. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींपुढें मात्र दोहोंचीहि फजिती होते.

ह्यांपैकीं एक गोष्ट हिंदुस्थानांतच घडली, आणि तिचें मूळहि ह्या मिन्स्ट्रेल खेळांतच आहे. डेव्ह कार्सन नांवाचा अमेरिकन नट १८६१ च्या सुमारास आपली मिन्स्ट्रेल मंडळी घेऊन इकडे आला. कलकत्ता, मुंबई येथील साहेबलोकांत त्याचे खेळ चांगलेच गाजले. अमेरिकेंतला गुलाम येथें कोणाच्या ओळखीचा नव्हता. तेव्हां कार्सननें साचा तोच ठेविला आणि सोंग बदललें. मोडकें इंग्रजी बोलणारा, आपल्या विद्येचा तोरा मिरविणारा ‘बेंगाली बाबू’ त्यानें उभा केला, आणि साहेब खुर्चींत लोळून हंसूं लागले. परंतु कलकत्त्यास १८७२ च्या डिसेंबरांत नॅशनल थिएटर निघालें होतें, आणि त्यांत अर्धेंदुशेखर मुस्तफी नांवाचा एक विलक्षण नकलाकार होता. कार्सनसाहेबाचा ‘पक्का तमाशा’ चालतो काय, तर १८७३ सालीं ‘मुस्तफी साहेब का पक्का तमाशा’ सुरू झाला ! कोट-पाटलोण चढवून, हातीं व्हायोलिन घेऊन मुस्तफी रंगभूमीवर आला आणि त्यानें साहेबाच्या ऐटीची व त्याच्या हिंदीची यथेच्छ टर उडविली. थट्टेस थट्टेनें उत्तर मिळालें. येथवर हिशेब बरोबर होता.

तो तीनच वर्षांत बिघडला. प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानांत आले असतां १८७६ च्या जानेवारींत जगदानंद मुखर्जी नांवाच्या एका वकिलानें त्यांस आपल्या घरीं बोलावून अंतःपुरांतील स्त्रियांकडून त्यांचें स्वागत करविलें. ह्या प्रकारावर कलकत्त्याच्या ग्रेट नॅशनल थिएटरनें ‘गजदानंद ओ युवराज’ नांवाचें प्रहसन केलें. पोलिसांनीं तें थांबविलें, तेव्हां मंडळींनीं पोलिसांवरच दुसरें प्रहसन रचलें. त्या वेळीं पोलिस कमिशनर होते हॉग आणि सुपरिंटेंडेंट होते लँब. म्हणजे एक डुक्कर आणि एक कोंकरूं. प्रहसनाचें नांव ‘द पोलिस ऑफ पिग अँड शीप’ ठेवण्याचा मोह कोणास आवरला असता ? २९ फेब्रुवारी १८७६ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक ह्यांचा वटहुकूम निघाला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं त्याचा नाट्यप्रयोगांचा कायदा झाला. महाराष्ट्रास ह्या कायद्याची ओळख पुढें १९१० सालीं खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली तेव्हां चांगलीच पटली, तें नाटक विनोदी नव्हे, हा भाग निराळा. ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, गजदानंदाचें प्रहसन बंगाल्यांनीं बंगाल्यावर केलेली थट्टा होती. ‘आपल्या घरची थट्टा आपण करावी’ हा नियम तेथें तंतोतंत पाळला गेला होता. पण त्या घरांत पाहुणा म्हणून युवराज बसले होते ! बाबूच्या सोंगासाठीं मात्र कोणासहि वटहुकूम काढावासा वाटला नव्हता.

तेव्हां थट्टा करणाराचा वर्ण पाहण्यापूर्वीं दुसरेंच कांहीं पाहावें लागतें. ज्याची थट्टा झाली त्यास त्याच उंचीवरून उलट बोलण्यास वाव आहे कीं नाहीं, आणि नाटकगृहाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हें पाहिल्यावांचून अधिकाराची गोष्ट बोलणें व्यर्थ होय.

ह्या दृष्टीनें बर्ट विल्यम्स ह्या नटाची हकीकत फार चटका लावणारी आहे. हा १८७४ सालीं बहामा बेटांत जन्मला आणि अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत वाढला. वर्ण उजळ, भाषा शुद्ध, वाचन दांडगें. जॉर्ज वॉकर नांवाच्या जोडीदारासह तो रंगभूमीवर आला, तेव्हां तेथें काजळी लावलेल्या गोऱ्यांचा इतका सुळसुळाट होता कीं, ह्या दोघांनीं ‘दोन अस्सल कून’ अशी आपली जाहिरात केली. ‘कून’ ही कृष्णवर्णीयांस हिणविण्याची शिवी होय. नकली नाणें बाजारांत इतकें रुळलें होतें कीं, खऱ्या माणसास शिवीच्या नांवावर आपला खरेपणा पटवून द्यावा लागला ! वॉकर छानछोकी तरुणाचें काम करी. विल्यम्स मात्र आपल्या उजळ चेहऱ्यावर तीच काजळी लावून, नशिबानें सदा हाणलेल्या मंदगति माणसाचें काम करी. हा माणूस मुळांत गोऱ्यांच्या कल्पनेंतला. पण विल्यम्सनें त्याच्या अंगीं थोडें दुःख घातलें, थोडें शहाणपण घातलें, आणि त्याला हंसतां हंसतां प्रेक्षक मध्येंच गप्प होऊं लागले. १९१८ सालीं लिहिलेल्या एका लेखांत तो सांगतो कीं, आपण दुसरेच कोणी आहोंत असें वाटूं लागल्यावर आपल्याला विनोद साधला.

१९०३ सालीं त्याच्या मंडळीचें ‘इन डाहोमी’ हें संगीत नाटक न्यूयॉर्कांत आणि नंतर लंडनांत झालें; बकिंगहॅम राजवाड्यांतहि त्याचा प्रयोग झाला. १९१० मध्यें झीगफेल्डच्या ‘फॉलीज’ ह्या बड्या गोऱ्या मंडळींत त्याला घेतलें, तेव्हां इतर नटांनीं सोडून जाण्याची धमकी दिली. झीगफेल्ड बधला नाहीं. पण प्रयोग संपल्यावर हॉटेलांत विल्यम्सला मागल्या दारानें जावें लागे, आणि टाळ्यांचा आवाज कानांत घुमत असतां तें अधिकच बोंचतें, असें तो आपला सहकारी एडी कँटर ह्यास म्हणाला होता. डब्ल्यू. सी. फील्ड्स ह्या विनोदी नटानें त्याच्याइतका हंसविणारा आणि त्याच्याइतका दुःखी माणूस दुसरा पाहिला नाहीं, अशी ग्वाही दिली आहे. १९२२ सालीं तो वारला. आपल्या घरची थट्टा करणारा हा नट खरा. पण त्या थट्टेचे नियम त्याच्या घरीं ठरलेले नव्हते.

नभोवाणी आली तेव्हां काजळीची गरजच उरली नाहीं. नुसता आवाज पुरे ! फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल ह्या दोन गोऱ्या गृहस्थांनीं १९ मार्च १९२८ रोजीं शिकागोच्या केंद्रावरून ‘एमॉस अँड अँडी’ नांवाची मालिका सुरू केली. दक्षिणेंतून शहरांत आलेल्या दोन कृष्णवर्णीय मित्रांची ही रोज रात्रीं पंधरा मिनिटांची कथा. पुढल्या वर्षीं ती देशभर पसरली, आणि ऐन भरांत तिला सुमारें ४ कोटी श्रोते होते असें सांगतात. चित्रपटगृहांचे मालक त्या वेळीं चित्रपट थांबवून प्रेक्षकांस नभोवाणी ऐकवीत. एरवीं कोणी घर सोडून आलाच नसता. मालिका नुसती टवाळी होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. पैशांची चणचण, फसलेलीं लग्नें, मैत्रींतले रुसवे हें सारें तिच्यांत होतें, आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांतहि तिचे चाहते पुष्कळ होते. १९३१ सालीं ‘पिट्सबर्ग कूरियर’ ह्या कृष्णवर्णीयांच्या पत्रानें मालिका बंद व्हावी म्हणून लक्षावधि सह्या गोळा केल्या. त्याच वर्षीं ‘शिकागो डिफेंडर’ ह्या कृष्णवर्णीयांच्याच दुसऱ्या पत्रानें मुलांच्या वनभोजनास त्याच दोघां नटांस सन्मानानें बोलावलें. समाज हा एका तोंडानें बोलत नसतो.

दूरचित्रवाणीवर गोऱ्यांचे चेहरे चालण्यासारखे नव्हते, म्हणून १९५१ सालीं त्याच पात्रांसाठीं कृष्णवर्णीय नट घेतले. गॉस्डेन त्यांस उच्चार शिकवूं लागला. तेव्हां अँडीचें काम करणारा स्पेन्सर विल्यम्स, जो स्वतः चित्रपटांचा दिग्दर्शक होता, त्यानें त्यास सुनावलें कीं, कृष्णवर्णीय माणूस कसा बोलतो हें आपल्याला ठाऊक असावयास हरकत नाहीं, कारण जन्मभर आपण तेच आहोंत. गोऱ्याच्या कल्पनेंतला काळा माणूस खऱ्या काळ्या माणसास बोलण्याची शिकवणी देत होता ! कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. ह्या संस्थेनें कार्यक्रमाचा निषेध केला. तिचा मुद्दा मार्मिक होता. एखादा वकील लबाड, एखादा डॉक्टर भोंदू असा दाखविण्यास हरकत नसते, जर पलीकडे प्रामाणिक वकील आणि हुशार डॉक्टरहि दिसत असतील. गोऱ्यांचीं शेंकडो चित्रें पडद्यावर होतीं. कृष्णवर्णीयांचें जवळजवळ हें एकच. दुसऱ्या बाजूस, कार्यक्रम १९५३ मध्यें संपला तेव्हां चांगल्या नटांचीं कामें गेलीं, आणि त्यांच्या जागीं कृष्णवर्णीयांचीं दुसरीं पात्रें कोणी आणलीं नाहींत. १९६६ पर्यंत जुनेच भाग पुन्हा पुन्हा दाखविले जात होते.

पुढें किल्ली थोडीबहुत हातीं आली. रिचर्ड प्रायर ह्या विनोदकारानें १९७० नंतरच्या दशकांत गोऱ्यांनीं दिलेली सर्वांत जहरी शिवी स्वतःच्या तोंडांत घेतली, १९७४ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या नांवांतहि घातली. शिवी आपणच वापरून वापरून बोथट करावी असा तो डाव होता. पण १९७९ मध्यें तो केनियाला गेला, जिकडे पाहावें तिकडे कृष्णवर्णीय माणसेंच कारभार करीत आहेत असें त्यानें पाहिलें, आणि तो शब्द त्यानें टाकून दिला. हा निर्णय त्यानें १९८२ च्या आपल्या चित्रपटांत जाहीर सांगितला आहे. त्याच्या हंसणाऱ्या श्रोत्यांनीं तो शब्द टाकला कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा.

डेव्ह शॅपेल ह्याच्याकडे तर किल्लीहि होती आणि तिजोरीहि. २००३ सालीं सुरू झालेल्या त्याच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमास इतकें यश आलें कीं, पुढील भागांसाठीं सुमारें ५ कोटी डॉलरांचा करार झाला. त्यांपैकीं एका प्रसंगांत तो स्वतः काजळी लावलेल्या मिन्स्ट्रेलच्या वेषांत एक बुटकें भूत होतो, आणि विमानांतल्या कृष्णवर्णीय प्रवाशाच्या कानाशीं लागून त्याला लाजविणारे मोह घालतो. थट्टा त्या जुन्या सोंगाचीच होती. परंतु चित्रीकरण चालू असतां तेथील एक गोरा माणूस हंसला, आणि त्या हंसण्यांत शॅपेलला कांहींतरी वेगळें ऐकूं आलें. तो सोंगाच्या थट्टेला हंसत आहे कीं सोंगालाच, हा संशय त्याला सोडीना. २००५ सालीं तो सारें अर्धवट टाकून दक्षिण आफ्रिकेंत दरबानला निघून गेला, आणि २००६ च्या फेब्रुवारींत ऑप्रा विन्फ्री हिच्या कार्यक्रमांत त्यानें तें हंसणें आपल्याला कसें लागलें तें सांगितलें.

चित्रित झालेले भाग वाहिनीच्या मालकीचे होते. ते तिनें त्याच वर्षीं जुलैंत त्याच्यावांचून दाखविले. बुटक्या भुताचा प्रसंगहि त्यांत होता; आणि तो संपल्यावर नाटकगृहांत बसलेल्या प्रेक्षकांस विचारण्यांत आलें कीं, हें पाहून त्यांस काय वाटलें. प्रेक्षकांत एकमत झालें नाहीं.