एका सिस्टरमागे किती खाटा?

नर्सिंगचा कोर्स केला की नोकरी पक्की, असे आपल्या वस्त्यांतून आजही सर्रास बोलले जाते. बारावी झालेल्या मुलीचे पालक शैक्षणिक कर्जाची चौकशी करावयास बँकेत येतात, तेव्हा अनेकांच्या हातात जी.एन.एम. कॉलेजचे माहितीपत्रक असते. फॉर्म भरून घेणे हे माझे काम. पण हप्ता फेडण्याइतका पगार मिळेल का, आणि मिळाला तर तो किती कामाचा, हे कोणी विचारीत नाही. मीही पुष्कळ वर्षे आपण होऊन ते कधी सांगितले नाही. माझी भाची या व्यवसायात शिरली आणि माझे डोळे उघडले. त्या अनुभवातून आणि थोड्या वाचनातून जे समजले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

भाची हिंजवडीजवळच्या एका खाजगी रुग्णालयात लागली. नाव सांगत नाही. मारुंजीला तिघींनी मिळून खोली घेतली. ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ, आणि रात्रपाळी त्याच्या उलट. कागदावर बारा तास. आता हिंजवडीची संध्याकाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगावयास नको. आय.टी. पार्क सुटतो, शिवाजी चौकापासून वाकडच्या पुलापर्यंत गाड्यांच्या रांगा लागतात, आणि रात्रपाळीची सिस्टर त्याच रांगेत अडकते. ती येऊन 'ओव्हर' घेईपर्यंत, म्हणजे प्रत्येक रुग्णाची हकिगत समजून घेईपर्यंत, दिवसपाळीच्या मुलीला वॉर्ड सोडता येत नाही. रुग्णाला वाऱ्यावर कसे सोडणार? त्यामुळे बाराचे तेरा होतात, कधी साडेतेरा. हा वरचा तास कोणत्याही रजिस्टरमध्ये चढत नाही. आमच्याकडे कॅश जुळली नाही तर आम्हीही थांबतो, पण आमच्या काउंटरवर कोणाचा श्वास अडकलेला नसतो.

तिच्या वॉर्डात २२ रुग्ण. दिवसा दोन सिस्टर, त्यांतली एक नवशिकी. रात्री एकटी, सोबतीला मावशी. मी कारकून माणूस, मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. रात्री दहाची औषधे व इंजेक्शने प्रत्येकी पाच मिनिटे धरली, तर २२ जणांना ११० मिनिटे लागतात. म्हणजे पहिल्या खाटेला दहा वाजता मिळणारे औषध शेवटच्या खाटेला जवळजवळ बारा वाजता मिळते, तेही मध्ये कोणाची सलाइन संपली नाही, कोणाला उलटी झाली नाही, नातेवाइकांनी बेल वाजवली नाही आणि कॅज्युअल्टीतून नवीन पेशंट वर आला नाही तर. प्रत्यक्षात हे सगळे होते. शिवाय जे केले ते केस पेपरवर लिहावयाचे. लिहिले नाही तर केलेच नाही असे धरतात.

मग एका सिस्टरकडे किती रुग्ण असावेत? याचे उत्तर आपल्या देशात छापलेले आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. अडचण एवढीच की हे मानक आहे. ते मोडले म्हणून रुग्णालयाचे दार बंद झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात तरी सगळे आलबेल असेल अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. तेथील परिचारिकांचीही मुख्य तक्रार हीच आहे: रुग्ण जास्त, हात कमी, आणि पाळी संपली तरी सुटका नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखविले की एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. परिचारिका मनाने व शरीराने थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे सिस्टरचा थकवा हा तिचा एकटीचा प्रश्न नाही, तो खाटेवरच्या माणसाचा प्रश्न आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली याविषयी कायदा केला, २००४ पासून तो लागू झाला, आणि २००५ पासून तेथे सामान्य वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचापेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत. न्यूयॉर्क शहरात जानेवारी २०२३ मध्ये दोन मोठ्या रुग्णालयांतील सुमारे ७,००० परिचारिका तीन दिवस संपावर गेल्या; तेव्हाही पगारापेक्षा मनुष्यबळाची मागणी पुढे होती.

या अमेरिकेचा हिंजवडीशी एक चमत्कारिक संबंध आहे. आय.टी. पार्कात रात्री दिवे लावून जी कामे चालतात, त्यांत अमेरिकन रुग्णालयांची बिले आणि विम्याचे कागद तपासण्याचेही काम आहे. भाचीच्या खोलीतली एक मुलगी, चांगली जी.एन.एम. झालेली, वॉर्ड सोडून तिकडे गेली. पगार जास्त, बसून काम, घरापर्यंत गाडी. तिला दोष कसा द्यावा? तिथल्या परिचारिकेने काय लिहिले ते ती इथे रात्रभर वाचते, आणि इथल्या वॉर्डात मात्र एक सिस्टर कमी झाली.

सरकारी व महापालिकेच्या नोकरीकडे आपल्या मुलींचा ओढा आहे तो याच कारणाने. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ७५० खाटांचे. तेथे कायम जागा मिळाली तर घराचे भाग्य उजळले असे आपण मानतो. परंतु कायम जागा कमी आणि कंत्राट जास्त, अशी आजची स्थिती आहे. कोरोनाच्या काळात, २०२० साली, नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभे राहिले. साथ ओसरली, तंबू उतरला, आणि तिथली नोकरीही संपली. पुढे मे २०२२ च्या अखेरीस राज्यातील शासकीय रुग्णालयांच्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा भरती बाहेरच्या कंपनीमार्फत करू नये ही त्यांची प्रमुख मागणी होती.

आणि काही घडले तर? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण दगावले. नंतर अटक झाली ती एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील, मी ठरविणारा कोण? परंतु इमारतीची वायरिंग सिस्टर करीत नाही, एवढे मला कळते.

सुरक्षिततेचाही विचार करावा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, तेव्हा त्या तळघरात कपडे बदलीत होत्या. पुढची ४२ वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. मुलीला नोकरीवर सोडावयास जाल तेव्हा कपडे बदलण्याची खोली कोठे आहे आणि तिला आतून कडी आहे का, हे आईने स्वतः पाहावे.

आता पगाराचे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस अशी: २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने त्या राज्यातील सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा; १०० ते २०० खाटा असल्यास फार तर १० टक्के कमी; ५० ते १०० असल्यास २५ टक्के कमी; आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांच्या खाली नको. शिफारस असल्याने मालक हात झटकतो. तरी मुलाखतीत हा आकडा माहीत असलेली मुलगी आणि नसलेली मुलगी यांत फरक पडतो. भाचीला पहिला पगार १४,००० मिळाला, आणि तिने तो निमूटपणे घेतला, कारण आम्हा कोणालाच हे ठाऊक नव्हते.

दुसरी चूक आमच्या हातून झाली ती मूळ प्रमाणपत्रांची. रुजू होताना ती 'तपासणीसाठी' घेतली गेली आणि परत मिळावयास तीन खेपा व एक वकिलाचे पत्र लागले. झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत दाखवून लगेच परत घ्यावी. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्रही हातचे सोडू नये. नेमणुकीचे पत्र मागावे, त्यात कामाचे तास लिहिलेले असावेत. ड्युटी लिस्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा आणि सुटण्याची खरी वेळ एका वहीत टिपावी.

पगारातून ई.एस.आय. कापले जात असेल तर १८,००० वर १३५ रुपये कापले जातात, जास्त नाही. प्रॉव्हिडंट फंड कापला जातो पण जमा होत नाही, असेही प्रकार पाहण्यात येतात. वाचकांपैकी कोणाची मुलगी, सून, बहीण या नोकरीत असेल तर तिची पगाराची चिठ्ठी व पासबुक घेऊन बँकेत यावे, मी जुळवून देईन. दहा तारखेनंतर, दुपारी तीनच्या पुढे आले तर गर्दी कमी असते.