रेम्ब्रांटचं होम लोन

प्राइम लोकेशनला घर, हाय-प्रोफाइल क्लाएंट्स, शहरभर नाव... आणि थकलेले हप्ते! युरोपातल्या एका ग्रेट चित्रकाराची ही गोष्ट दर महिन्याच्या एक तारखेला आठवावी अशी आहे.

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि पाठोपाठ दुसरा, ईएमआय कापल्याचा. माझी एक मैत्रीण याला ‘दोन मिनिटांची श्रीमंती’ म्हणते. तिने बजेटच्या जरा बाहेरचाच फ्लॅट घेतलाय. ‘इन्क्रिमेंट होतंच की दरवर्षी, जमून जाईल,’ हा तिचा फंडा. तुमचाही असेल. असाच फंडा सतराव्या शतकात अॅमस्टरडॅममधल्या एका तरुणाचा होता. त्याचं नाव रेम्ब्रांट.

हो, तोच तो, ‘नाइट वॉच’वाला. कॉलेजात आर्ट हिस्टरीच्या लेक्चरला झोपा काढल्या असतील, तरी हे नाव कानावर पडलेलं असतंच. पण त्याच्या चित्रांइतकाच त्याचा हिशेबही बघण्यासारखा आहे.

स्मॉल टाऊन बॉय

रेम्ब्रांटचा जन्म १६०६ चा, लायडन गावचा. वडिलांची गिरणी. पंचविशीच्या आसपास तो अॅमस्टरडॅमला आला. ते तेव्हाचं जगातलं सर्वात श्रीमंत बंदर. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इथूनच निघायची, सुरतला यायची, आपल्या वेंगुर्ल्यापर्यंत पोचायची. वेंगुर्ल्यातल्या डच वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. व्यापारात पैसा मिळवलेल्या मंडळींना भिंतीवर स्वतःचं पोर्ट्रेट हवं असायचं, आणि पोर्ट्रेट म्हटलं की रेम्ब्रांट, असं समीकरण झालं. १६३४ मध्ये त्याने सास्कियाशी लग्न केलं. सासरे लिउवार्डन शहराचे महापौर राहिलेले. थोडक्यात, पोरगा सेटल झाला!

या काळात त्याने एक स्मार्ट मूव्ह केली. आडनाव गाळून चित्रांवर नुसतं ‘रेम्ब्रांट’ अशी सही करायला लागला. राफाएल, तिशियन, मायकेलँजेलो या इटलीतल्या रेनेसाँच्या सुपरस्टार्सना जग पहिल्या नावाने ओळखतं, मग मलाही ओळखू दे! आजच्या भाषेत याला ब्रँडिंग म्हणतात.

१३ हजारांचं स्वप्न

जानेवारी १६३९. ब्रेस्त्राट रस्त्यावरच्या एका ऐसपैस घराचा सौदा झाला. किंमत १३ हजार गिल्डर. त्या काळी चांगल्या कारागिराची वर्षाची कमाई साधारण ३०० गिल्डर होती, यावरून अंदाज घ्या. चौथा हिस्सा पहिल्या वर्ष-दीड वर्षात द्यायचा, बाकी पाच-सहा वर्षांत फेडायचं, असं ठरलं.

त्याच वर्षी शहरात एक मोठा लिलाव झाला. त्यात राफाएलने काढलेलं कास्तिल्योने या दरबारी गृहस्थाचं पोर्ट्रेट होतं. रेम्ब्रांटने तिथे भरभर त्याचं स्केच केलं आणि कडेला किंमत लिहून ठेवली, ३५०० गिल्डर. चित्र दुसऱ्याच कुणी नेलं, पण पोज रेम्ब्रांटने उचलली. पुढच्या वर्षी, १६४० मध्ये, त्याने चौतिसाव्या वर्षातलं आपलं सेल्फ-पोर्ट्रेट रंगवलं. कठड्यावर टेकवलेला हात, शंभर वर्षांपूर्वीच्या फॅशनचे मखमली कपडे, आणि नजर अशी, की ‘आय हॅव अराइव्ह्ड’. आज हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते लक्षात ठेवा. आपल्याला परत तिकडे यायचंय.

मग बिघडलं कुठे?

दोन वर्षांत सगळं फिरलं. १६४२ मध्ये सास्किया गेली. तीन मुलं आधीच तान्हेपणी गेली होती, वर्षाचाही न झालेला तितूस मागे राहिला. त्याच वर्षी ‘नाइट वॉच’ पूर्ण झालं, मानधन १६०० गिल्डर. हे चित्र लोकांना आवडलं नाही आणि रेम्ब्रांट रस्त्यावर आला, अशी एक फिल्मी स्टोरी सांगतात. तिला पुरावा नाही. खरं कारण जास्त बोअरिंग आहे आणि म्हणूनच जास्त ओळखीचं. त्याला खर्च आवरत नव्हता.

लिलाव दिसला की हा बोली लावणार. जुनी प्रिंट्स, पुतळे, शिंपले, शिरस्त्राणं, भाले, पूर्वेकडच्या वस्तू, सगळं घरात. कामासाठीच लागायचं म्हणा, पण घराचे हप्ते मात्र तसेच. १६५३ पर्यंत व्याजासकट साडेआठ हजारांच्या आसपास देणं बाकी होतं. त्यात इंग्लंडशी युद्ध पेटलेलं, व्यापार थंडावलेला. विकणाऱ्याने तगादा लावला, तेव्हा रेम्ब्रांटने जुनं कर्ज फेडायला ओळखीच्यांकडून नवं कर्ज काढलं. एका क्रेडिट कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावर टाकण्याचा हाच तो प्रकार!

आणि इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. तितूसला सांभाळायला आलेल्या खेर्त्येशी रेम्ब्रांटचे संबंध जुळले, मग बिनसलं. ‘लग्नाचं वचन दिलं होतं’ म्हणून ती कोर्टात गेली. कोर्टाने तिला वर्षाला २०० गिल्डर मंजूर केले. पुढे तिने सास्कियाचे दागिने गहाण ठेवले, तर रेम्ब्रांटने तिला खाउडा शहरातल्या सुधारगृहात डांबायला मदत केली. ती पाच वर्षांनी सुटली. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या इतक्या मायेने रंगवणारा माणूस घरात असा वागला. ग्रेट आर्टिस्ट म्हणजे ग्रेट माणूस असं काही पॅकेज नसतं.

३६३ नोंदी

मे १६५६ मध्ये त्याने घर तितूसच्या नावावर करून बघितलं. उपयोग झाला नाही. जुलैमध्ये त्याने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज दिला आणि कारकून घरातल्या खोल्यांतून फिरून यादी करू लागले. एकूण ३६३ नोंदी. चित्रं, प्रिंट्सचे गठ्ठे, आरसे, खुर्च्या, भांडीकुंडी. स्वतःच्या हौसेची यादी परक्याच्या अक्षरात वाचताना त्याला काय वाटलं असेल?

वस्तू एका खानावळीत लिलावाला निघाल्या. आयुष्यभर जमवलेल्या कागदावरच्या चित्रांचे जेमतेम ६०० गिल्डर आले. १६५८ मध्ये घरही ११ हजारांच्या थोडं वर गेलं, म्हणजे घेतलं त्याहून कमीला.

गंमत बघा, याच सुमारास तो एका वेगळ्याच कामात गुंतला होता. डच जहाजांतून आलेली मुघल लघुचित्रं त्याच्या हाती लागली होती. जपानी कागदावर त्याने त्यांची वीसहून जास्त रेखाटनं केली. त्यात शाहजहान आहे, झाडाखाली बसलेले चार वृद्ध आहेत. ज्या मुघल चित्रावरून ते वृद्ध घेतले, ते आज व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात आहे. पुढच्या शतकात रोकोको फॅशन आली, तेव्हा तिथल्या एका खोलीत मुघल चित्रं कापून, जोडून भिंतीवर सजवली. रोकोकोवाल्यांना ती डेकोरेशन वाटली. रेम्ब्रांटने मात्र दिवाळं निघालेलं असताना, गिऱ्हाईक नसताना, पन्नाशीत ती शिष्यासारखी गिरवली.

स्वतःच्याच घरात नोकरी

नवं घर भाड्याचं, रोझनग्राख्टवर, साध्या वस्तीत. आता सोबत होती हेंड्रिक्ये. ती त्याच्याबरोबर लग्नाविना राहते म्हणून चर्चने तिला बोलावून दटावलं होतं, तरी ती टिकून राहिली. १६६० मध्ये तिने आणि एकोणीस वर्षांच्या तितूसने रीतसर फर्म काढली. रेम्ब्रांट त्यांचा सल्लागार. पगार म्हणजे राहणं आणि जेवण. त्याने काढलेलं चित्र फर्मच्या मालकीचं, म्हणजे सावकारांना हात लावता येणार नाही!

या नोकरीत त्याने ‘सिंडिक्स’ रंगवलं, ‘ज्युइश ब्राइड’ रंगवलं. रंग इतका जाड, की चित्राच्या बाहीवर बोट फिरवावंसं वाटतं. १६६३ मध्ये हेंड्रिक्ये गेली, १६६८ मध्ये तितूस. पुढच्या वर्षी ४ ऑक्टोबरला रेम्ब्रांटही. वेस्टरकेर्क चर्चमध्ये भाड्याच्या, नाव नसलेल्या थडग्यात त्याला पुरलं.

आता परत लंडनला. नॅशनल गॅलरीत चौतिशीच्या त्या रुबाबदार चित्राचा भाऊ आहे. १६६९ चं, त्रेसष्टाव्या वर्षीचं सेल्फ-पोर्ट्रेट. मखमल नाही, पोज नाही. सुजरे डोळे, फुगीर नाक, एकमेकांत धरलेले हात. एक्स-रेमध्ये दिसलं, की आधी त्याने हातात ब्रश दाखवला होता आणि नंतर स्वतःच तो झाकून टाकला. पहिल्या चित्रातला माणूस आपल्याला इम्प्रेस करू बघतो. दुसरा फक्त बघतो.

आणि ब्रेस्त्राटचं ते घर? १९११ पासून ते म्युझियम आहे. नाव, ‘रेम्ब्रांट हाउस’. हप्ते फिटले नाहीत, पण घर शेवटी त्याच्याच नावावर झालं.

मैत्रिणीला ही स्टोरी फोनवर सांगितली. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘या वीकएंडला नवा सोफा बघायला जाणार होते, राहू दे.’

बघायचंय? मग हे करा!

* ‘नाइट वॉच’ रात्रीचं चित्र नाहीच! काळवंडलेल्या वॉर्निशमुळे हे नाव पडलं. १७१५ मध्ये जागेत मावेना म्हणून त्याच्या कडाही कापल्या गेल्या.
* रिक्सम्युझियमने २०२२ मध्ये याच चित्राचा ७१७ गिगापिक्सेलचा फोटो वेबसाइटवर टाकला. लंच ब्रेकमध्ये झूम करत बसा, फुकट आहे.
* लंडनला ऑनसाइट गेलात, तर नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रह बघायला तिकीट लागत नाही. दोन्ही सेल्फ-पोर्ट्रेट्स एकाच दिवशी बघा.
* मुंबईतच आहात? छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेली युरोपियन चित्रं आहेत. एका चित्रासमोर दहा मिनिटं थांबून बघा. फोन खिशात ठेवून, बरं का!