सल्ला न देणारा समुपदेशक

११ डिसेंबर १९४० रोजी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स मिनेसोटा विद्यापीठात व्याख्यानाला उभे राहिले. विद्यार्थ्याच्या चाचण्या घ्यायच्या, त्यावरून निदान करायचं आणि त्याने पुढे काय करावं ते सांगायचं, या पद्धतीचा हा बालेकिल्ला. रॉजर्स यांनी नेमक्या तिथेच समुपदेशनातल्या सल्लेबाजीवर टीका केली. खळबळ उडाली. पुढे ते याच दिवसाला आपल्या पद्धतीचा जन्मदिवस मानू लागले. व्यक्तिकेंद्रित समुपदेशन या नावाने ती आता जगभर शिकवली जाते. तिच्याविषयीचे गैरसमजही चांगले धट्टेकट्टे आहेत, आणि त्यातले एक-दोन तिच्या चाहत्यांनीच पोसलेले आहेत.

‘नुसती मान हलवायची, त्याची फी कसली?’

हा आक्षेप सर्वांत समजण्याजोगा. नवऱ्यापासून वेगळं व्हावं का, मुलाला सायन्स सोडू द्यावं का, असा प्रश्न घेऊन माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकून येतो आणि समोरून ‘म्हणजे तुमचं मन द्विधा आहे’ एवढंच ऐकू येतं. कुणीही वैतागेल.

पण रॉजर्स सल्ला टाळू लागले ते पोथीनिष्ठेतून नव्हे, सल्ला फसला म्हणून. १९२८ पासून बाराएक वर्षं ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करत होते. तिथे एका उनाड मुलाची आई येत असे. आईने मुलाला लहानपणी झिडकारलं, हे दुखण्याचं मूळ रॉजर्स यांना लख्ख दिसत होतं. तिला ते दिसावं म्हणून त्यांनी बैठकांमागून बैठका हळुवार प्रयत्न केले. काही उपयोग झाला नाही. अखेर दोघांनी थांबायचं ठरवलं. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिने विचारलं, इथे मोठ्या माणसांना समुपदेशन मिळतं का? हो म्हटल्यावर ती परत येऊन बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराबद्दल बोलू लागली. तिने आधी सांगितलेल्या नीटनेटक्या हकिकतीशी त्याचं फारसं साम्य नव्हतं. खरे उपचार तिथून सुरू झाले आणि त्यांचा फायदा मुलालाही झाला. नेमकं कुठे दुखतंय आणि कोणत्या दिशेने जायचं, हे येणाऱ्यालाच अधिक ठाऊक असतं, हा रॉजर्स यांचा निष्कर्ष अशा अनुभवांतून आला. ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ हा शब्द ते आग्रहाने वापरत, तोही यामुळेच.

मग समुपदेशक करतो काय? समोरच्याला त्याचं जग कसं दिसतं ते समजून घेतो, आणि आपल्याला समजलं ते बरोबर आहे का, हे त्यालाच विचारत राहतो. ‘मी नोकरी सोडणार’ म्हणणाऱ्याला ‘तुम्ही नोकरी सोडणार’ असं ऐकवणं ही पोपटपंची झाली. ‘तुमच्या बोलण्यात मला रागापेक्षा थकवा जास्त जाणवतोय, खरं का?’ असं विचारण्यात मात्र चुकण्याचा धोका पत्करलेला असतो. ‘थकवा नाही हो, अपमान’ असं उत्तर आलं तरी काम पुढेच सरकतं. वाक्य उलटवून परत देण्याच्या सवयीची नक्कल एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ या संगणकीय प्रोग्रामकडून करून घेतली होती. खुद्द रॉजर्स आपल्या पद्धतीच्या अशा व्यंगचित्रांनी इतके हादरले होते, की काही वर्षं त्यांनी समानुभूतीबद्दल बोलणंच कमी केलं.

मराठी वाचकांना रॉजर्स यांच्यापेक्षा अल्बर्ट एलिस जवळचे, कारण कि. मो. फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली. रॉजर्स, एलिस आणि गेस्टाल्ट उपचारपद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स एकाच तरुण घटस्फोटित स्त्रीशी स्वतंत्रपणे बोलतात, असा चित्रपट १९६४ मध्ये चित्रित झाला. आपल्या शरीरसंबंधांबद्दल लहान मुलीशी खोटं बोलले, आता खरं सांगू का, असं ती रॉजर्स यांना विचारते आणि सरळ उत्तर हवं म्हणून अडून बसते. रॉजर्स विषय टाळत नाहीत. मदत करावीशी वाटते, पण हे उत्तर तुझ्या वतीने मी देऊ शकत नाही, असं ते तिला उघड सांगतात. बोलता बोलता ती स्वतःच प्रामाणिकपणाच्या बाजूला झुकते. ‘उत्तर देणार नाही’ हे तोंडावर सांगण्यात जो सच्चेपणा आहे, तो गूढ हसून गप्प बसण्यात नाही. आपल्याकडे कधीकधी दुसराच प्रकार पहिल्याच्या नावाखाली चालतो.

‘बिनशर्त स्वीकार म्हणजे सगळं चालवून घेणं’

मुलावर हात उगारणारा बाप समुपदेशकासमोर बसला आहे. त्याचा स्वीकार म्हणजे मारण्याला मान्यता नव्हे. मारताना आणि मारल्यानंतर त्याच्या मनात जे काही उसळतं, ते त्याला न घाबरता, निवाड्याची धास्ती न बाळगता उघड करता यावं, एवढाच अर्थ. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस स्वतःचा बचाव करतो. स्वतःला पाहत नाही. १९५७ च्या एका गाजलेल्या लेखात रॉजर्स यांनी बदल घडण्यासाठी सहा अटी मांडल्या. त्यांत स्वीकार आणि समानुभूती यांच्या जोडीला समुपदेशकाचा अस्सलपणाही आहे. म्हणजे आत तिटकारा आणि चेहऱ्यावर माया, हा प्रकार या पद्धतीत बसतच नाही. जिवाला धोका दिसत असेल, तर गुप्तता बाजूला ठेवून पावलं उचलण्याची जबाबदारी इतर समुपदेशकांइतकीच याही समुपदेशकावर असते.

‘वाढ म्हणजे व्यक्तिमत्त्व विकास’

उन्हाळी सुट्टीतल्या शिबिरांनी हा शब्द पार बिघडवला आहे. खणखणीत आवाज, ताठ कणा, घट्ट हस्तांदोलन. रॉजर्स यांना अभिप्रेत वाढ जवळजवळ उलट दिशेची आहे: मुखवटा चढवण्याची नव्हे, उतरवण्याची.

त्यांची मांडणी अशी. प्रत्येक जीवात आपल्या क्षमतांकडे झेपावण्याची ओढ असते. मुलाला मात्र प्रेमही हवं असतं, आणि ते बऱ्याचदा अटी घालून मिळतं. रडला नाही तर शहाणा. नव्वद टक्के आणले तर आमचा. उलट बोलली नाही तर गुणाची. हळूहळू मूल या अटी स्वतःच्याच समजू लागतं. राग आला तरी ‘मला राग येतच नाही’ म्हणू लागतं. चाळिशीत तेच माणूस विनाकारण दमलेलं, चिडचिडलेलं असतं आणि कारण सापडत नाही. अटी नसलेलं नातं काही काळ मिळालं, की झाकलेले अनुभव ओळखता येतात. निर्णय घेताना ‘लोक काय म्हणतील’ याबरोबर ‘मला काय वाटतं’ हेही ऐकू येऊ लागतं.

हा स्वार्थीपणाचा परवाना आहे, असा आरोप होतो. आपल्या एकत्र कुटुंबांत तर हमखास होतो. पण स्वतःची भीती ओळखणारी सासू सुनेशी अधिक कठोर वागेल असं मानायला कारण काय? इतरांपासून सुटका हा रॉजर्स यांच्या म्हणण्याचा गाभा नव्हता. माणसाच्या मूळ चांगुलपणावर त्यांचा विश्वास मात्र जरा जास्तच होता, असं मला वाटतं.

ही वाढ मोजायचाही प्रयत्न झाला. शिकागोत रॉजर्स यांच्या सहकाऱ्यांनी क्लायंटना १०० विधानांची कार्डं दिली. ती आधी ‘मी असा आहे’ आणि मग ‘मला असं व्हायचंय’ या दोन प्रकारे लावायची. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, उपचारांपूर्वी या दोन चित्रांमधला सहसंबंध, म्हणजे ती किती जुळतात याचं माप, जवळपास शून्य होता, उपचारांनंतर ०.३४. उपचारांची गरज न भासलेल्या तुलनेच्या गटात तो आधीपासूनच ०.५८ च्या आसपास होता. म्हणजे कुणी पूर्णत्वाला पोचलं नाही, अंतर मात्र कमी झालं.

‘हे सगळं भाबडं, अशास्त्रीय’

मानसोपचाराची बंद खोली प्रथम उघडली ती रॉजर्स यांनीच. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका क्लायंटबरोबरच्या आठही बैठका ध्वनिमुद्रणावरून शब्दशः छापल्या. तोवर उपचारकाच्या आठवणीवरच विश्वास ठेवावा लागे. मुद्रणं उपलब्ध झाल्यामुळे टीकाकारांचीही सोय झाली. चार्ल्स ट्रुऑक्स यांनी १९६६ मध्ये रॉजर्स यांच्याच बैठका तपासून दाखवलं, की क्लायंटच्या काही प्रकारच्या बोलण्याला ते नकळत अधिक उबदार प्रतिसाद देतात. म्हणजे ‘दिशा न देणं’ पुरतं साधलं नव्हतं. विस्कॉन्सिनमध्ये रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर केलेल्या मोठ्या प्रयोगातही उपचारांच्या गटात आशा केली होती तसा ठळक फरक पडला नाही, आणि तेही छापलं गेलं.

अलीकडचा पुरावा इंग्लंडमधल्या शेफील्डचा. मध्यम किंवा तीव्र नैराश्याच्या ५१० रुग्णांवरची ही चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित-अनुभवाधारित उपचार सीबीटीपेक्षा, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारांपेक्षा, कमी ठरले नाहीत. वर्षाअखेर मात्र सीबीटीचं पारडं काहीसं जड झालं.

उरतो चाहत्यांचा गैरसमज, की प्रेमाने ऐकलं की सगळं बरं होतं. तीव्र मंत्रचळ असलेल्याला, टोकाची विशिष्ट भीती असलेल्याला भीतीचा टप्प्याटप्प्याने सामना करायला लावणारे उपचार आधी द्यायला हवेत. भास होणाऱ्याला मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं हवीत. आत्महत्येचे विचार येत असतील तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. शोक, नात्यांची कोंडी, ‘माझं नेमकं काय चुकतंय’ ही बेचैनी, इथे मात्र ही पद्धत जरूर आजमावावी. पहिल्याच भेटीत समुपदेशकाला विचारावं: तुम्ही सल्ला देणार नसाल, तर या तासात नेमकं काय करणार? या पद्धतीत मुरलेला समुपदेशक या प्रश्नाचं उत्तर टाळत नाही.