थरांचे चित्र सपाट करताना

गेल्या वर्षीच्या गुणगौरव समारंभासाठी आम्ही अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक गाळ्यात लाकडी स्मृतिचिन्हे कोरायला दिली होती. नमुन्याची पहिली पाटी हाती आली ती पूर्ण जळालेली, काळीठिक्कर. कोरणाऱ्याने ‘बीएमपी’ फाईल मागितली होती व आम्ही तीच दिली होती. तरीही असे का झाले? चूक आमचीच होती. ती इतरांनी करू नये, विशेषतः संगणक शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थी मित्रांनी, म्हणून हा खुलासा.

पाटीचे चित्र आम्ही ‘गिंप’ या मोफत प्रणालीत तयार केले होते. सन १९९५ मध्ये स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या बर्कले विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी तिची सुरुवात केली. तिची स्वतःची फाईल ‘एक्ससीएफ’ नावाची असते. पूर्वी आर्टवर्कवर बटर पेपर चिकटवून त्यावर खुणा करीत, तसे या फाईलमध्ये थर असतात. आमच्या फाईलमध्ये तळाशी पिंपळपानाची नक्षी, त्यावर मंडळाचे नाव आणि वर प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचा वेगळा थर होता. ज्याची पाटी, त्याचे नाव उघडे ठेवायचे, बाकीची झाकायची.

बीएमपीला थर ठाऊक नाहीत. विंडोज ३.० पासून, म्हणजे १९९० पासून रूढ झालेल्या तिच्या साध्या रूपात आरंभी ५४ बाइटांची माहिती असते व पुढे ठिपक्यांची रांग. गंमत अशी की चित्र सहसा खालच्या ओळीपासून वर लिहिलेले असते! प्रत्येक ठिपक्याला निळा, हिरवा व लाल असे तीन बाइट. आठ इंच बाय सहा इंचाची पाटी इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने २४०० गुणिले १८०० ठिपक्यांची होते. म्हणजे १,२९,६०,०५४ बाइट. पाटी कोरी असली तरी तेवढेच.

आमच्या चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक होती. अशा वेळी गिंप प्रत्येक ठिपक्याला पारदर्शकतेचा चौथा बाइट जोडून ३२ बिटांची बीएमपी करते. जुन्या यंत्रांना हा चौथा बाइट वाचता येतोच असे नाही. तो सोडला की उरतात तीन शून्ये, म्हणजे काळा रंग. आणि कोरणारे यंत्र काळे दिसेल तेथे जाळते.

‘चित्र फ्लॅटन करून आणा,’ कोरणाऱ्याने सांगितले. ‘इमेज’ मेनूतील ‘फ्लॅटन इमेज’ दाबले की सर्व उघडे थर एक होतात व पारदर्शक जागी पार्श्वभूमीसाठी निवडलेला रंग भरला जातो. तो रंग आधी पांढरा आहे ना, हे पाहावे. आम्ही पाहिले. पण झाकलेले थर या क्रियेत टाकून दिले जातात, हे आम्हाला माहीत नव्हते. सन २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून गिंपमध्ये ‘सेव्ह’ने एक्ससीएफच होते व बीएमपीसाठी ‘एक्सपोर्ट’ करावे लागते. आम्ही एक्सपोर्ट केले आणि सवयीने सेव्हही दाबले. मूळ फाईलच सपाट झाली. फाईल उघडी असती तर ‘अनडू’ने थर परत आले असते; आम्ही ती बंद करून घरी गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी कळले, उघड्या राहिलेल्या त्या एका नावातच ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे. मुलगी दहावी उत्तीर्ण झालेली, घरातली पहिलीच. तिच्या भिंतीवर चुकीचे नाव कसे लावायचे? नाव खोडावे तर त्याखालची नक्षीही पुसली जात होती, कारण आता दोन्ही एकाच रांगेतले ठिपके होते. रात्रभर बसून सगळी पाटी आणि सगळी नावे पुन्हा तयार केली.

आता आम्ही आधी एक्ससीएफ सेव्ह करतो, मग ‘इमेज’मधील ‘डुप्लिकेट’ने प्रत काढतो. ती प्रतच फ्लॅटन करून २४ बिटांची बीएमपी एक्सपोर्ट करतो आणि प्रत सेव्ह न करता बंद करतो. त्या मुलीची पाटी समारंभाच्या दिवशी सकाळी मिळाली. घाईत काढलेली नक्षी जरा जाड आली होती, पण नाव बरोबर होते.