नायक कोणाच्या मालकीचा?



बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या परिसरात, मुलांच्या कपड्यांच्या दुकानांतून नजर टाकावी तर सदऱ्यांवर आणि दप्तरांवर मुखवटा घातलेला स्पायडरमॅन हटकून दिसतो. सदऱ्याचा धनी दुकानदार, हे उघड आहे. पण त्यावरच्या चित्राचा धनी कोण?

ज्याने नायक कल्पिला त्याचाच तो नायक, अशी आपली भाबडी समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र प्रताधिकार ही जमिनीसारखी मालमत्ता आहे. ती विकता येते, खंडाने देता येते, तिचे तुकडेही पाडता येतात. एकाच नायकाच्या कथा छापण्याचा हक्क एकाकडे, चित्रपटाचा दुसऱ्याकडे आणि खेळण्यांचा तिसऱ्याकडे असू शकतो. स्पायडरमॅनची मूळ कंपनी मार्व्हल १९९६ साली दिवाळखोरीत गेली आणि ते दशक संपण्यापूर्वी तिने त्याचे चित्रपटाचे हक्क सोनीला दिले. पुढे २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून मार्व्हल घेतली, तरी पडद्यावरचा स्पायडरमॅन सोनीकडेच राहिला. कूळ असलेली जमीन विकत घेतल्याने कुळाचा हक्क बुडत नाही, तसाच हा प्रकार. शेवटी २०१५ मध्ये उभय कंपन्यांत समझोता झाला, तेव्हा कुठे तो मार्व्हलच्या इतर वीरांबरोबर चित्रपटात दिसू लागला.

ह्या व्यवहारात कल्पकाच्या वाट्याला काय येते? सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर ह्यांनी १९३८ साली आपले सर्व हक्क १३० डॉलरला लिहून दिले. त्यांच्या नायकावर इतरांनी अमाप धन मिळविले आणि हे दोघे उतारवयात हलाखीत राहिले. मोठा चित्रपट निघण्याच्या सुमारास त्यांची कहाणी वर्तमानपत्रांत गाजली, तेव्हा १९७५ मध्ये कंपनीने दोघांना वार्षिक २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन देऊ केले व त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. ही दया होती, हक्क नव्हे.

आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. चित्रपटाचा कर्ता तो निर्मात्यालाच मानतो. मात्र लेखक आपला हक्क लिहून देत असताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची समजावी, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच समजावा, असे तो सांगतो. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही आणि करारात तशी सूट नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परततो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक आधार दिला. चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापराच्या मानधनातील आपला समान वाटा लेखकाला किंवा संगीतकाराला आता सोडून देताच येत नाही. तरतुदी चांगल्या आहेत; पण ‘संपूर्ण मुदतीसाठी, अखिल विश्वात’ अशी शब्दयोजना करारात शिरली, की त्यांतल्या मुदतीच्या व प्रदेशाच्या तरतुदी निकामी होतात. (वकिलांना पृथ्वी पुरत नाही, हे लक्षात घ्यावे.) मराठी कथालेखक बहुधा मानधनाचा आकडा वाचून सही करतो, मुदत आणि प्रदेश ह्यांच्या ओळी त्याने आधी वाचाव्यात.

भूमिकेच्या मालकीहून निराळी अशी चेहऱ्याचीही एक मालकी असते. तिच्यासाठी बंगळूर सोडून दूर जायला नको. १९५० साली ह्याच शहरात एका मराठीभाषक घरात जन्मलेले आणि पुढे येथील बससेवेत वाहक असलेले शिवाजीराव गायकवाड म्हणजेच रजनीकांत. त्यांनी रंगविलेल्या चिट्टी ह्या यंत्रमानवाचा २०१० चा चित्रपट सन पिक्चर्सने काढला, २०१८ चा लायकाने. भूमिका अशी एका संस्थेकडून दुसरीकडे जाऊ शकते. पण ‘मैं हूँ रजनीकांत’ नावाचा हिंदी चित्रपट निघू लागला, तेव्हा गायकवाड मद्रास उच्च न्यायालयात गेले. नाव, चेहरा, बोलण्याची लकब ह्यांवरून ख्यातनाम व्यक्ती ओळखू येत असेल तर तेवढे पुरेसे आहे. लोकांची फसगत झाली, हे सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आणि मनाई हुकूम दिला. निर्मात्यांना तो चित्रपट नाव बदलून प्रदर्शित करावा लागला.